‘ॲट लास्ट’ची जागा

रत्नागिरी, जून

चि. मनाली,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या निरोप समारंभासाठी लिहिलेलं तुझं इंग्रजी भाषण काल रात्री दोनदा वाचलं. आईला मराठीत सांगितलं, तर शेवटचा परिच्छेद तिने पुन्हा सांगायला लावला. त्या परिच्छेदातल्या एका शब्दासाठीच हे पत्र. फोनवर बोललो असतो तर तू ‘हो बाबा’ म्हणून पुढे गेली असतीस.

तू लिहिलंयस, ‘ॲट लास्ट, आय थँक माय पेरेंट्स.’ तुला म्हणायचंय, आभारांच्या यादीत शेवटी आईवडील. पण इंग्रजीच्या कानाला ऐकू येतं ते असं, की आईवडिलांचे आभार मानायचे कितीतरी दिवस राहून गेले होते, ते आज एकदाचे मानले. ही चूक तुझी एकटीची नाही. आपल्याकडच्या व्यासपीठांवर मी ती कितीदा ऐकली आहे. शाळेत आपण अर्थ पाठ करतो : ॲट लास्ट म्हणजे शेवटी, फायनली म्हणजे शेवटी, लास्टली म्हणजे शेवटी आणि इव्हेन्च्युअली म्हणजेही शेवटीच. मग चौघं एकमेकांच्या जागी चालतील असं वाटतं.

आपण स्वतः बोलताना मात्र एवढे आंधळे नसतो. परवा पाऊस लागला. पंधरा दिवस उकाड्याने जीव नकोसा झाला होता, विहिरीने तळ गाठला होता. पहिली सर कौलांवर वाजली आणि शेजारच्या काकू पडवीतून ओरडल्या, “लागला गो बाय एकदाचा!” त्या ‘एकदाचा’मध्ये वाट पाहणं आहे, कंटाळा आहे आणि सुटकाही आहे. तोच ॲट लास्ट.

आता मिरकरवाड्याच्या बंदरात ये. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी. बंदी उठली म्हणून सगळ्या बोटी त्याच सकाळी बाहेर पडतात असं कुठे आहे? कुणाचे खलाशी गावाहून आलेले नसतात, कुणाचं इंजिन उघडून ठेवलेलं असतं, कधी दर्याच शांत नसतो. पण होता होता सगळे बाहेर पडतात. हे ‘होता होता’ म्हणजे इव्हेन्च्युअली. मध्ये वेळ गेला, अडचणी आल्या, आणि गोष्ट झाली. बोलणाऱ्याने त्यात निःश्वास टाकलेला नाही. म्हणून अजून न घडलेल्या गोष्टीलाही तो सहज लागतो : बोटी आज ना उद्या निघतीलच.

लास्टलीचा काळाशी काही संबंध नाही. मुद्दे मोजत आलो, हा शेवटचा, इतकंच त्याचं काम. फायनली दोन्हीकडे चालतो, यादीच्या शेवटालाही आणि लांबलेली गोष्ट झाली की तिथेही. तुझ्या वाक्यात लास्टली किंवा फायनली, दोन्ही बरोबर. मी फायनली घेईन. लास्टलीला मोजदादीचा वास येतो, आणि आईचं नाव घेताना तो मला नको वाटतो.

एका शब्दासाठी बाबा एवढं का लिहितायत, असं वाटेल. जहाजावरची एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. मी नुकताच सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, झालो होतो. वादळात रात्रभर पोरांनी डेकवर जीव तोडून काम केलं. सकाळी कामाच्या अहवालात मी अभिमानाने लिहिलं, ‘द बॉइज हार्डली वर्क्ड ऑल नाइट.’ कसून म्हणजे हार्ड, आणि क्रियाविशेषण करायचं तर त्याला ‘ली’ लावायचा, असं माझं व्याकरण. चीफ ऑफिसरने वाचलं की पोरांनी रात्रभर जवळजवळ काहीच काम केलं नाही, आणि त्यांचा ओव्हरटाइम अडवला. मी केबिनमध्ये जाऊन हातवारे करून समजावलं, तेव्हा त्याने शांतपणे ती शेवटची दोन अक्षरं खोडली. पोरांचे पैसे मिळाले. पण माझ्या एका शब्दापायी ते बुडणार होते, हे मी आजवर विसरलेलो नाही.

पुढे कळलं की हार्डलीचा अर्थ पूर्वी ‘कष्टाने’ असाच होता. तो हळूहळू ‘जवळजवळ नाहीच’कडे सरकला. बेअरली त्याचा शेजारी. पुष्कळदा एकाच्या जागी दुसरा चालतो, पण दोघांचे कल वेगळे. आत्ता पावसाच्या पडद्याआडून किल्ल्यावरच्या दीपगृहाचा दिवा जेमतेम दिसतोय. ‘जेमतेम, पण दिसतोय’ म्हणायचं असेल तर बेअरली. ‘दिसतच नाही म्हण ना’ असं म्हणायचं असेल तर हार्डली. काठावर पास झालेल्या मुलाला बेअरलीच लागतो, हार्डली तिथे बसत नाही. उलट एखादी गोष्ट सहसा घडतच नसेल, तर ‘हार्डली एव्हर’ हीच जोडी लोकांच्या तोंडी येते.

म्हणून तुझ्या वहीत इंग्रजी शब्दापुढे मराठी शब्द लिहू नकोस, आपल्या घरातलं एक वाक्य लिही. ॲट लास्टपुढे काकूंचं वाक्य लिही. इव्हेन्च्युअलीपुढे बोटींचं. आणि तो शब्द कोणाच्या सोबतीने येतो तेही टिपून ठेव. ऑलमोस्ट आणि निअरली दोन्ही ‘जवळजवळ’च, पण ऑलमोस्टशेजारी नेव्हर बसतो, निअरलीशेजारी बसत नाही; निअरलीआधी व्हेरी चालतो, ऑलमोस्टआधी नाही. याचं कारण शोधत बसू नकोस, कानाला सवय होऊ दे.

भाषणातला तेवढा शब्द बदल, बाकी कशालाही हात लावू नकोस. आईने आंबापोळी आणि कोकमं बांधून ठेवली आहेत, उद्या एसटीने पार्सल येईल. गणपतीला तू आलीस की आई तांदूळ निवडता निवडता उठेल आणि दारातूनच म्हणेल, “आली एकदाची!” तुझा ॲट लास्ट तिथे ठेव.

तुझे,
बाबा