शुक्रवारच्या अंकात लाटांचाही अंदाज द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात आपण राकसकोप जलाशयाची पाणीपातळी छापता, तसा उन्हाळी सुट्टीत समुद्राच्या लाटांचा अंदाजही छापावा, एवढ्यासाठी हे पत्र. मी वडगावचा, टेम्पो ट्रॅव्हलर चालवतो. चोर्ल्यातून गोवा, आंबोलीतून वेंगुर्ले-मालवण ही नेहमीची भाडी. गाडीतली पोरं वर आभाळ बघून खालच्या पाण्याची परीक्षा करतात. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, म्हणजे उतरा पाण्यात! अडवलं तर विचारतात, "मामा, वादळ कुठं आहे?"

वादळ असतं, पण पार दक्षिण गोलार्धात. तिथं जोरदार वारा दोन-तीन दिवस, शेकडो किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून एकाच दिशेनं वाहिला की त्याची ताकद लाटांत उतरते. पुढं वारा पडला तरी लाटा चालतच राहतात. आखूड लाटा वाटेत विरतात. लांब लाटा फारसं काही न गमावता हजारो किलोमीटर जातात. तिकडचं पाणी इथवर येत नाही, ऊर्जा येते. एकामागून दुसरी लाट यायला 18 सेकंद लागत असतील तर ही ऊर्जा ताशी सुमारे 50 किलोमीटरनं सरकते, म्हणजे आमच्या गाडीच्याच वेगानं. 10 सेकंदांच्या लाटांना जेमतेम 28 जमतात. म्हणून लांब, म्हणजे जास्त सेकंदांच्या, लाटा आधी पोचतात. भर समुद्रात त्या जाणवतही नाहीत. किनाऱ्याजवळ तळ उथळ झाला की वेग घटतो आणि लाट उभी राहते.

2024 मध्ये 26 एप्रिलच्या सुमारास दक्षिण अटलांटिकमध्ये, भारतापासून सुमारे 10,000 किलोमीटरवर उठलेल्या लाटा 4 मेला आपल्या किनाऱ्यावर आल्या. ताशी 50 नं हिशेब करा, आठ दिवसच होतात. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेनं इशारा दिला होता. तरी 6 मेला कन्याकुमारी जिल्ह्यात पाच शिकाऊ डॉक्टर बुडाले.

एप्रिल 2017 मध्ये मालवणच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावचे आठ जण बुडाले. ते अशाच लाटांनी, असं मी म्हणत नाही. पण आजही निघताना घाटात ट्रॅफिक आहे का एवढंच विचारतात, समुद्राची चौकशी कुणी करत नाही.

इन्कॉइसचा अंदाज सर्वांसाठी खुला असतो. गोवा आणि सिंधुदुर्ग किनाऱ्यावर लाटांची उंची किती, किती सेकंदांनी येणार, इशारा आहे का, एवढ्या चार ओळी पुरेत. क्रिकेटच्या पानावर दिल्यात तर पोरं नक्की वाचतील.

आपला,
एक वाहनचालक, वडगाव, बेळगाव