महिला कबड्डी संघाच्या इतिहासासाठी आवाहन : माळ्यावरच्या पेट्या आताच उघडा

आजी-माजी खेळाडू, सभासद, हितचिंतक आणि गिरणगावातून बाहेर गेलेले आपले सर्व शेजारी यांना सप्रेम नमस्कार.

येत्या १५ जुलैला, शंकरराव (बुवा) साळवी यांच्या जयंतीदिनी, म्हणजेच कबड्डी दिनी, आपल्या महिला संघाचा इतिहास पुस्तकरूपाने काढायचा असा ठराव वार्षिक सभेत झाला, हे आपण जाणताच. मजकूर बराचसा हाताशी आहे. काम अडले आहे ते फोटो, गुणपत्रके, नावे आणि पैसे यांवाचून. गल्लीतल्या दोन चाळी पावसाळ्यापूर्वी पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आहेत. माळे खाली होतायत, रद्दीवाला दर रविवारी येतोय. एक अल्बम तर त्याच्या हातगाडीवरून परत आणावा लागला.

पुरुष संघाचे चषक, ढाली आणि फ्रेम केलेले फोटो मंडळाच्या कपाटात नीट आहेत. मुलींच्या बाबतीत तसे झाले नाही. प्रशस्तिपत्रके माहेरी राहिली, मुली सासरी गेल्या. १९८२ च्या संपानंतर कितीतरी कुटुंबे कोकणात आणि घाटावर परतली, त्यांच्या ट्रंकांबरोबर संघाचे फोटोही गेले. मागच्या स्मरणिकेत महिला संघाला दीड पान मिळाले होते, त्यात खेळाडूंची नावेही पूर्ण नव्हती. ही गोष्ट अनेकींना लागली आहे आणि ते योग्यच आहे.

महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली कलकत्त्यात झाली. आशियाई खेळांत पुरुषांची कबड्डी १९९० ला बीजिंगमध्ये आली, महिलांची मात्र २०१० ला ग्वांगझूमध्ये. मधल्या काळात ज्या मुली नोकरी, घर, पाण्याची रांग सांभाळून संध्याकाळी मैदानात उतरल्या, त्यांच्यासमोर आशियाई पदक नव्हतेच. २०१२ साली पाटण्याला पहिला महिला विश्वचषक जिंकणाऱ्या संघात आपल्या महाराष्ट्राच्या सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे होत्या. २०१८ ला जकार्तात आशियाई खेळांच्या अंतिम सामन्यात इराणने आपल्याला २७-२४ असे हरवले, तेव्हा इराणच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून नाशिकच्या शैलजा जैन बसल्या होत्या. पुढच्या आशियाई खेळांत हांगझोऊला चायनीज तैपेईवर २६-२५ असा एका गुणाने विजय मिळवून सुवर्ण परत आणले, त्या संघात पुण्याची स्नेहल शिंदे होती. या सगळ्यांची नोंद झाली आणि पुढेही राहील. त्यांच्या खालचा जो पाया, म्हणजे आपल्यासारख्या मंडळांचे हौशी संघ, त्यांची नोंद कुणी ठेवायची? २०१६ ला महिलांची तीन संघांची लीग टीव्हीवर आली तेव्हा आपल्या गल्लीत किती गर्दी झाली होती! ती एका मोसमापुरतीच ठरली.

ज्यांच्यामुळे हा संघ उभा राहिला त्यांचे ऋण आधी नोंदवतो. मातीचे मैदान करायला चाळलेली माती, कुजलेले शेणखत आणि लाकडाचा भुसा लागतो. भुसा वर्षानुवर्षे वखारवाल्यांनी फुकट दिला, पोती परत मागितली नाहीत. मातीत एक खडा राहिला तरी गुडघा फुटतो, म्हणून ती दोनदा चाळायची. त्यासाठीच्या चाळण्या पिठाच्या गिरणीच्या मालकांनी दिल्या आणि चाळायला दुसऱ्या मजल्यावरच्या बायका रात्री जेवणे आटोपून खाली उतरत. पाणी किती मारायचे हे पंपावरच्या काकांना बरोबर कळायचे. जास्त झाले तर पाय सरकतो आणि घोटा मुरगळतो, कमी झाले तर धूळ उडून चढाईत दम तुटतो. रेषांची फक्की ते संध्याकाळी उशिरा टाकत, कारण लवकर टाकलेली पायाने विस्कटते आणि ओरखड्यात गेली की भयंकर झोंबते. छातीवरचे आणि पाठीवरचे आकडे शिंपीकाकांनी कधी पैसे घेऊन शिवले नाहीत. बचत गटाने दोन वेळा प्रवासखर्च उचलला. यांपैकी बहुतेकांनी नाव छापू नका म्हणून बजावले आहे, पण त्यांना सगळी गल्ली ओळखते.

आणि संघाला शिकवणारे कै. मास्तर. त्यांच्या तीन वह्या कुटुंबीयांनी मंडळाला दिल्या, तोच या पुस्तकाचा कणा आहे. महिलांचे मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. मध्यरेषेपासून निदान रेषा (चढाईत ओलांडावीच लागते ती रेषा) फक्त ३ मीटरवर. चढाईपटूने हात लांब टाकून अंग झोकले की एवढे अंतर पकडीत असतानाही पार होते आणि मध्यरेषा गाठली जाते. म्हणून डाव्या कोपऱ्याने चवडा धरल्याबरोबर शेजारचीने कमरेत यायचे, वाट पाहायची नाही, हे मास्तरांनी आकृत्या काढून लिहून ठेवले आहे. झटापट सुरू झाली की दोन्ही बाजूंची १-१ मीटरची राखीव क्षेत्रे खेळात येतात, ६ मीटर रुंदीचे मैदान ८ मीटरचे होते, आणि साखळी (हात धरून उभ्या राहिलेल्या बचावपटूंची जोडी) तिथेच तुटते. कुठल्या सामन्यात कुणाची साखळी का तुटली, ७५ किलोच्या मर्यादेजवळ कोण आहे, कुणाचा पट (पायाची पकड) चांगला निघतो, सगळे त्यात आहे. मात्र मास्तर खेळाडूंना हाकेच्या नावाने लिहीत. बेबी, माई, छोटी शकू, मोठी शकू. त्या कोण, हे आता तुम्हीच सांगायचे आहे.

नावांचा गुंता हीच सर्वांत मोठी अडचण. एकच मुलगी मंडळाच्या यादीत माहेरच्या नावाने, बँकेच्या संघात सासरच्या नावाने आणि वर्तमानपत्राच्या कात्रणात नुसत्या आडनावाने येते. अशा किमान अकरा खेळाडू आमच्या यादीत दोनदा आल्या आहेत अशी शंका आहे. म्हणून प्रत्येकीचे माहेरचे पूर्ण नाव, सासरचे पूर्ण नाव, मैदानातली हाक, खेळण्याची जागा (उजवा किंवा डावा कोपरा, मध्यरक्षक, चढाई) आणि कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत खेळली, एवढे लिहून द्या. वर्ष आठवत नसेल तर दहावी, लग्न किंवा पहिल्या मुलाचा जन्म यांच्या आधी की नंतर, एवढेही चालेल.

गुणपत्रक सापडले तर वरचा भाग आधी तपासा. खाली सगळी नोंद छातीच्या क्रमांकांनी असते. वरची खेळाडूंची यादी फाटली असेल तर ४ नंबरने सहा गडी बाद केले एवढेच कळते, ती ४ नंबर कोण ते कळत नाही. असा तुकडाही फेकू नका. कार्बन कॉपी पुसट होत जाते, ती सर्वांत आधी आणून द्या.

फोटोंबद्दल कळकळीची विनंती. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, वरचा थर सुटून चेहरा जातो. अख्खा अल्बम आणा, आम्ही दोरा घालून सावकाश सोडवू. काचेला चिकटलेला फोटो काचेसकट स्कॅन होतो. लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. कात्रणांना सेलोटेप लावू नका, पिवळा डाग कागदात उतरतो. मागे लिहायचे तर मऊ पेन्सिलीने कडेला लिहा, बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. कसर लागलेली पेटी वेगळ्या पिशवीत आणा, नाहीतर बाकीच्या कागदांना लागते. जुने फोटो तीन इंचांचे असतात आणि पुस्तकात मोठे करावे लागतात, म्हणून स्कॅनिंग ६०० डीपीआयला करतो आहोत. गावाहून मोबाइलवर पाठवणाऱ्यांनी खिडकीजवळ, फ्लॅश न वापरता, मोबाइल फोटोला समांतर धरून टिपावे आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. नुसता फोटो म्हणून पाठवला की तो बारीक होऊन येतो आणि छपाईत चेहरे फुटतात.

फोटोचे साल ठरवायला मैदानाकडे पाहा. माती की मॅट, पायात बूट आहेत का, निदान रेषेच्या मागे १ मीटरवर बोनस रेषा आखलेली आहे का. बोनस रेषा नंतर आली, त्यामुळे ती नसलेला फोटो बहुधा जुना. पाठीमागच्या कापडी फलकाचे एखादे अक्षर दिसले तरी कळवा.

मागच्या वर्षी हेच आवाहन केले तेव्हा चार जणींनी प्रतिसाद दिला. शुभेच्छांचे अंगठे मात्र दोनशेच्या वर आले. यंदा अंगठ्याऐवजी एक फोटो किंवा एक नाव पाठवा.

खर्च : १६० पाने (१६ पानांचे १० फॉर्म, त्यातले २ आर्ट पेपरवर), ५०० प्रती, स्कॅनिंग आणि मूळ कागद ठेवायच्या आम्लविरहित पेट्या मिळून ₹१,९०,०००. जमा ₹६८,०००. हवे ₹१,२२,०००. एका आर्ट पानाचा खर्च उचलणाऱ्याचे नाव त्या पानाखाली येईल. धनादेश मंडळाच्या नावे, क्यूआर कोड कार्यालयाच्या फलकावर, रोख दिल्यास पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. देणगीवर ८०-जी प्राप्तिकर सवलत नाही. फोटो-कागद ३० एप्रिलपर्यंत, देणगी ३१ मेपर्यंत. कार्यालय रोज संध्याकाळी ७ ते ९, रविवारी सकाळी १० ते १. मूळ वस्तू पोचपावतीवर घेऊ आणि १५ दिवसांत परत करू. ज्या दोन चाळी रिकाम्या होतायत तिथे या शनिवारी आणि रविवारी आमचे कार्यकर्ते घरोघरी येतील, पेटी आधी खाली काढून ठेवावी. स्कॅनिंगला बसायला संगणक येणाऱ्या दोघी आणि चेहरे ओळखायला जुन्या खेळाडूंपैकी निदान तिघी दर रविवारी हव्या आहेत. जिना चढता येत नसेल तर अल्बम घेऊन आम्हीच घरी येऊ, फक्त निरोप द्या.

आपला,
कार्यवाह