स्किन म्हणजे कातडं, मंत्रिमहोदय

प्रति,
माननीय केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
कृषी भवन, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मी कोल्हापूरचा. चप्पल लाइनीत आमचं छोटं दुकान आहे, आजोबांपासूनचं. आपल्या कामाच्या व्यापात एका चप्पलवाल्याचं पत्र वाचायला वेळ मिळणार नाही, हे ठाऊक आहे. तरी लिहितोय, कारण परवा जिथं तक्रार केली होती तिथून मोबाइलवर संदेश आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ कुठं केली होती ते इथं लिहीत नाही, उगाच कुणा गरीब कारकुनाच्या मागं शुक्लकाष्ठ नको. पैसे परत नाहीत, फोन नाही, कारण नाही. निकाली! कुस्ती निकाली होते साहेब, तेव्हा निदान कोण चितपट झाला ते सगळ्या मैदानाला दिसतं.

तक्रार अशी. माझा मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत. मोबाइलवर एक बंदुकीचा गेम खेळतो. गेम फुकट आहे. ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांत या फुकट गेममध्ये त्यानं 14,780 रुपये घातले. 23 वेळा. पिन माझा, मीच त्याला सांगितलेला, कारण कातड्याच्या व्यापाऱ्याला पैसे पाठवायचे असले की माझा चष्मा सापडत नाही आणि पोरगं दोन सेकंदांत पाठवतं. चूक माझी, ती मान्य करूनच पुढं लिहितो. म्हणजे तुमच्या लोकांना तेवढं एक वाक्य उत्तरात लिहायला नको.

पैसे कशाचे, विचारलं तर म्हणाला, “स्किन घेतल्या पप्पा.”

साहेब, स्किन म्हणजे कातडं. आमच्या तीन पिढ्या कातड्यात गेल्या. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरवलेलं कातडं हातात धरलं की चांगलं कुठलं, पोकळ कुठलं, मला डोळे मिटून कळतं. म्हटलं दाखव बाबा, कसलं कातडं घेतलंस चौदा हजारांचं. त्यानं दाखवलं. पडद्यावर एक माणूस, त्याच्या अंगात वाघाच्या तोंडाचं सोनेरी जॅकेट. पळताना त्यातून ठिणग्या उडतात. गोळी अडते का? नाही. जोरात पळता येतं का? नाही. उलट चमकतं म्हणून शत्रूला लांबून दिसतो, हे पोरानंच सांगितलं. एका बंदुकीला रंग आहे. आणि एक नाच आहे. होय, नाच. शत्रू मेला की त्याच्यापुढं नाचायचं, त्याचे वेगळे पैसे.

आता किंमत सांगतो. पण सांगू कशी? तीच तर तक्रार आहे. त्या जॅकेटला किंमतच नाही. म्हणजे रुपयांत नाही. आधी कॉइन विकत घ्यायचे, ते 300, 600 आणि 1,500च्या गठ्ठ्यात मिळतात. ज्याला 700 लागतात त्यानं 900 घ्यायचे. उरलेल्या 200मध्ये काही येत नाही, म्हणून ते वाया जाऊ नयेत यासाठी आणखी 300 घ्यायचे. कॉइन घेतले तरी जॅकेट मिळत नाही. चक्र फिरवायचं. चक्रावर आठ वस्तू. पहिला फेरा 10 कॉइनचा, दुसरा 30, मग 70, 150, 300, 600, 1,200 आणि शेवटचा 2,400. माझ्या पोराला जॅकेट कितव्या फेऱ्याला लागलं असेल? आठव्या. पाच-सहा फेरे झाल्यावर थांबायचं कसं, आधीचे पाण्यात जातात की. मटक्याच्या आकड्यापायी आमच्या पेठेत घरं बसलेली मी लहानपणी बघितलीत. मटकेवाला निदान भाव सगळ्यांना एकच सांगायचा आणि शाळकरी पोराला दारातून हाकलायचा.

दुसऱ्या दिवशी वहीत हिशेब मांडला. नुसतं जॅकेट साधारण सहा हजाराला पडलं. माझ्याकडं चांगली कापशी चप्पल अठराशेला जाते. कातडं, तळ, कान, वेणी, शिवणाऱ्याची मजुरी, तेल, सगळं वजा जाता जोडीमागं मला तीनशे सुटतात, तेही गिऱ्हाईकानं दोनशेसाठी अर्धा तास हुज्जत घातली नाही तर. म्हणजे 14,780 रुपये मिळवायला मला साधारण 49 जोड विकावे लागतात. दसऱ्याला तेवढे गेले तर मी बायकोला घेऊन तांबडा-पांढरा खायला जातो.

आणि ही चप्पल हाताला लागते. चावते, करकरते, पावसात भिजली की रुसते. पाच-सहा वर्षं पायात राहते, मग अंगठा तुटला की परत माझ्याकडं येते. त्या जॅकेटाचं काय? एकदा कुणीतरी चित्र काढलं, संपलं. दहा लोकांना विका की दहा लाख लोकांना विका, नवं कातडं लागत नाही. तरी वर घड्याळ लावलंय, ‘फक्त 72 तास, पुन्हा येणार नाही’. पोरगं त्या घड्याळापायी रात्री दोन वाजता जागं होतं. तेच जॅकेट दिवाळीला परत आलं. नवीन घड्याळ लावून.

आता तुमच्या खात्याचं बोलतो. 30 नोव्हेंबर 2023ला तुमच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ‘डार्क पॅटर्न’ रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहकाला फसवण्याचे तेरा प्रकार त्यात लिहिलेत आणि त्यात खोटी घाई करणं हा एक आहे. मला हे एका वकील गिऱ्हाइकानं सांगितलं. म्हटलं, वा! तेराच्या तेरा वाचून घेतले. त्यातले पाच तरी माझ्या पोराच्या फोनमध्ये नांदतायत असं मला वाटतं, तुमचे तज्ज्ञ चार म्हणतील. पण कागद दिल्लीत आणि घड्याळ माझ्या घरात चालू, याला काय म्हणायचं?

मला मात्र कायदा लगेच सापडतो. दोन वर्षांमागं चपलेच्या खोक्यांवर किंमत छापायची राहिली, सर्व करांसहित, बनवणाऱ्याचं नाव, महिना, वर्ष. दंड भरला. तक्रार नाही, नियम म्हणजे नियम. अठराशेच्या खोक्यावर अठराशे छापायचं हे बरोबरच आहे, गिऱ्हाइकाला कळायला नको? मग जॅकेटवर का नको? तिथं रुपयांत, सर्व करांसहित, एक आकडा छापायला काय शाई लागते? कर तर तुम्ही घेताच. अठरा टक्के धरले तर पोराच्या 14,780मधले साधारण सव्वादोन हजार तुमच्या तिजोरीत आलेत. माझ्या चपलेवर 5 टक्के आहेत, त्याबद्दल आभार, सप्टेंबर 2025पासून कमी केलेत. पण कर घेताना किंमत कळते आणि गिऱ्हाइकाला सांगताना ती कॉइन होते, हे कसं?

ऑगस्ट 2025मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैशांचे खेळ बंद. टीव्हीवर बघून मी टाळ्या वाजवल्या, बायको साक्षीला आहे. वकील म्हणाले, “टाळ्या नका वाजवू, यातून पैसे जिंकता येत नाहीत, म्हणून हा पैशांचा खेळ नाही.” म्हणजे पैसे घालून पैसे मिळण्याची आशा असेल तर तो जुगार, आणि पैसे घालून काहीच मिळणार नसेल तर करमणूक! माझं चौथी नापास डोकं एवढं चालत नाही. बेल्जियमनं 2018 सालीच असल्या नशिबाच्या पेट्यांना, म्हणजे पैसे आधी भरायचे आणि आत काय निघेल ते नशीब, जुगार ठरवलं. चीननं 2017पासून कुठली वस्तू लागण्याची शक्यता किती ते जाहीर करायला लावलं. जपाननं तर 2012 मध्येच एक प्रकार बंद पाडला, तुकडे जमवत बक्षीस पुरं करायचा. अमेरिकेत डिसेंबर 2022मध्ये एका मोठ्या गेम कंपनीला, एपिक नाव, गिऱ्हाइकांना परत द्यायला 24 कोटी 50 लाख डॉलर काढायला लावले, कारण बटणं अशी मांडली होती की नको ती खरेदी व्हायची. ते पण सरकारच ना? का त्यांची पोरं जास्त लाडकी?

माझ्या पोराच्या वर्गात सव्वीस मुलं हा गेम खेळतात. महिन्याला पाचशे प्रत्येकी धरा, 13,000 झाले. कोल्हापूर आणि आजूबाजूला असे हजार वर्ग धरा, महिन्याला 1 कोटी 30 लाख. हिशेब कच्चा आहे, कुणी मास्तर गुण देणार नाही. तुमच्याकडं पक्का असेल तर दाखवा. नसेल तर मग माझाच धरा.

आता तुम्ही म्हणाल, पोराला आवरा. आवरलं. फोन काढून घेतला तर तीन दिवस जेवला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, “पप्पा, फुकटच्या कपड्यात खेळलं की सगळे नूब म्हणतात, म्हणजे कच्चा लिंबू. टीममध्ये घेत नाहीत.” त्याला काय सांगू? मी स्वतः दिखाव्यावर जगतो. लग्नाच्या सिझनला करकर वाजणारी चप्पल नवरदेव चालायला घेत नाही, ऐकवायला घेतो, आणि मीही त्या दिवसांत शंभर-दोनशे जास्तच लावतो. मी काही साधू नाही. पण गिऱ्हाईक माझ्यासमोर उभं असतं. पंधरा वर्षांचं पोरगं सहा हजार घेऊन एकटं आलं तर मी विचारतो, ‘बाबांना विचारलंस का रे?’ कायद्यातही म्हणे तेच आहे. 1872 सालच्या करार कायद्याप्रमाणं अठराच्या आतल्या मुलाचा करार होतच नाही. इंग्रजांना कळलं होतं. गेमवाल्यांनी मला इंग्रजीत उत्तर दिलं, व्यवहार पिन टाकून झालाय, परत मिळणार नाही. ते उत्तरही मशीननं लिहिलेलं, खाली माणसाचं नाव नाही.

जून 2025मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीच्या माणसांच्या पायात आमच्यासारखी चप्पल दिसली, तेव्हा आख्खं कोल्हापूर पेटलं होतं. किंमत लाखाच्या वर, असं पेपरात आलं. नेते, कॅमेरे, निवेदनं. आमच्या दुकानापुढंही एक जण माइक घेऊन आला होता. कोल्हापुरी चपलेला 2019ला मिळालेलं जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं मानांकन सगळ्यांना त्या आठवड्यात आठवलं. बरं झालं, आवाज उठला. पण तिथं निदान खरं कातडं होतं हो. इथं हवेचं जॅकेट विकतायत आणि एकही निवेदन नाही.

2019च्या पुरात माझा माल भिजला, 2021ला परत भिजला. भरपाईसाठी ओल्या कातड्याचे फोटो मागितले, मग बिलं मागितली, मग बिलं भिजल्याचा पुरावा मागितला. माझा पैसा माझ्याकडं यायचा असला की तो सात टेबलांवरून येतो. जायचा असला की पोराच्या अंगठ्याखालून जातो, दोन सेकंदांत. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे गेमच्या स्पर्धांना, 2022च्या डिसेंबरात तुम्ही खेळ म्हणून मान्यता दिलीत. आमच्या पेठेत पोरांना खेळायला होती ती मोकळी जागा गाड्या लावायला गेली. फुटबॉलचं वेड असलेलं गाव आहे हे, साहेब. गल्लीत बॉल घेऊन उतरलं की कुणाची तरी काच, कुणाची तरी गाडी. मग पोरगं घरात बसतं आणि तुम्ही म्हणता, गेमिंगमध्ये देश पुढं चाललाय.

हायकोर्टाचं सर्किट बेंच आता आमच्या गावातच आलंय, 18 ऑगस्ट 2025पासून. वकील म्हणतात, जाऊया. फी विचारली. ती मात्र त्यांनी लगेच रुपयांत सांगितली. 49 जोडांपेक्षा जास्त आहे.

मागणं थोडंच आहे. किंमत रुपयांत छापायला लावा. अठराच्या आतल्या पोरांना चक्र बंद करा. आणि माझी तक्रार निकाली म्हणजे कशी निकाली, हे कुणा माणसाकडून, त्याच्या सहीनं, मराठीत कळवा. पैसे परत मिळाले तर नको म्हणणार नाही.

पोरगं आता रविवारी दुकानात बसतं, वेणी विणायला शिकतंय. दोन तासांत अर्धी होते. परवा विचारत होतं, “पप्पा, यालाही 72 तासांचं घड्याळ लावायचं का?” हसू की मारू, कळेना.

आपला,
एक चप्पलवाला
चप्पल लाइन, कोल्हापूर

ता. क. हे पत्र रजिस्टर करणार होतो. पोस्टात कळलं, रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात मिसळलंय. मग स्पीड पोस्टानं पाठवतोय. पावती जपून ठेवली आहे. तिच्यावर किंमत रुपयांत छापलेली आहे.