मायक्रोसॉफ्टचा चेक आपोआप घरी येणार नाहीये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आम्ही इथे कॅलिफोर्नियात तुमचा पेपर नेटवर वाचतो. परवा तुमच्याकडे "मायक्रोसॉफ्ट ग्राहकांना १.१ अब्ज डॉलर देणार" अशी चार ओळींची बातमी आली आणि ती वाचून इथल्या मराठी मंडळींत दोन तट पडलेत, एक म्हणतात चेक येईल तेव्हा बघू आणि दुसरे म्हणतात हे सगळं वकिलांचं, आपल्या हाताला काय लागणार. दोन्ही चूक आहे म्हणून हे पत्र, कारण हे पैसे मागायचा म्हणजे क्लेमचा फॉर्म भरायची शेवटची तारीख १५ मार्च २००४ आहे आणि न भरणाऱ्यांचं पुढे काय होतं ते बातमीत कुठेच नव्हतं.

आधी थोडं मागचं. अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टवर केलेल्या केसमध्ये नोव्हेंबर १९९९ मध्ये न्या. थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी पीसी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनीची मक्तेदारी आहे असा निष्कर्ष काढला, जून २००१ मध्ये अपील कोर्टाने त्यांचा कंपनी फोडायचा हुकूम रद्द केला पण मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकवली हा भाग कायम ठेवला. मक्तेदारीमुळे आपल्याला जास्त किंमत मोजावी लागली, ती परत द्या, ही ग्राहकांची मागणी. आता तुम्ही आम्ही विंडोज काही मायक्रोसॉफ्टच्या दारात जाऊन घेतलेली नाही, पीसीवाल्याकडून पीसीबरोबर आली, आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १९७७ च्या एका निकालामुळे अशा मधल्या हाताने घेणाऱ्याला केंद्रीय कायद्याखाली भरपाई मागता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या राज्य कायद्यात मात्र ती मुभा आहे. म्हणून ग्राहकांची ही केस सॅन फ्रान्सिस्कोच्या राज्य कोर्टात चालली आणि जानेवारी २००३ मध्ये तडजोड झाली. कंपनीने चूक कबूल केलेली नाही, तडजोडीत ती करतही नाहीत.

आता तुम्हाला काय मिळतं. १८ फेब्रुवारी १९९५ ते १५ डिसेंबर २००१ या काळात कॅलिफोर्नियात स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरच्या प्रत्येक लायसन्समागे व्हाउचर, विंडोज किंवा एमएस-डॉसला १६ डॉलर, ऑफिसला २९, एक्सेलला २६, वर्ड किंवा वर्क्स सूटला ५. म्हणजे ज्याने ९६ साली विंडोज ९५ वाला पीसी घेतला, मग ९८ चं अपग्रेड टाकलं आणि वर ऑफिस ९७ विकत घेतलं त्याचे ६१ डॉलर होतात. पावत्या कुणी इतकी वर्षं जपून ठेवल्यात! थोड्या रकमेच्या क्लेमला पावती मागत नाहीत, पण सही शपथेवर आहे, तेव्हा मित्राच्या सीडीवरून टाकलेलं ऑफिस मोजायचं नाही (आणि अशी मंडळी आपल्यात किती आहेत ते आपल्यालाच माहीत). ऑफिसातून मिळालेला लॅपटॉपही धरायचा नाही, तो तुमच्या नोकरीच्या कंपनीने घेतला, क्लेम तिचा.

एच-वनवाल्यांची, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांची, एक भीती मी बऱ्याच ठिकाणी ऐकली, की व्हिसावर असताना कोर्टाच्या भानगडीत नाव कशाला. अहो, तुम्ही कुणावर केस करत नाही आहात, केस झालेली आहे, तुम्ही तिच्यातले एक ग्राहक आहात आणि आपला वाटा मागताय. त्यात नागरिकत्वाचा संबंध येतोच कुठे.

व्हाउचर वापरायची पद्धत मात्र जरा उलटी आहे आणि इथेच बरेच लोक वैतागणार. दुकानात दाखवून किंमत कमी करून मिळत नाही. आधी पूर्ण पैसे देऊन वस्तू घ्यायची, मग पावती आणि व्हाउचर पोस्टाने पाठवायचं, मग चेक येतो. मला विचाराल तर सरळ रोख द्यायला हवे होते, ज्याने जास्त पैसे मोजले त्याला ते परत मिळवायला परत खरेदी का करायला लावायची हे मला अजून पटलेलं नाही. पण एक गोष्ट चांगली, वस्तू मायक्रोसॉफ्टचीच हवी असं बंधन नाही, प्रिंटर, मॉनिटर, कीबोर्ड, कुणाचंही सॉफ्टवेअर, अगदी अॅपलचा मॅक घेतला तरी चालतो. ग्राहकांच्या अशाच दुसऱ्या केसेसमध्ये बाल्टिमोरच्या केंद्रीय कोर्टात आधी जी तडजोड मांडली होती तिच्यात मायक्रोसॉफ्टने गरीब शाळांना सॉफ्टवेअर आणि जुने दुरुस्त केलेले कॉम्प्युटर द्यायचे होते, आणि अॅपलने आरडाओरडा केला की ही शिक्षा कसली, हे तर शाळांचं मार्केट आयतं हातात देणं झालं. न्या. मोट्झ यांनी जानेवारी २००२ मध्ये ती फेटाळली ते बरंच झालं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी लिहायला बसलो. १.१ अब्ज हा वरचा आकडा आहे. जे पैसे कुणी मागणारच नाही त्यातले दोन तृतीयांश कॅलिफोर्नियातल्या गरजू सरकारी शाळांना कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअरच्या व्हाउचरच्या रूपात जाणार, आणि उरलेला एक तृतीयांश कंपनीकडेच राहणार. इथे काही जण मोठ्या मनाने म्हणतात, आम्ही मागत नाही, शाळांना जाऊ दे. भावना चांगली आहे पण हिशोब चुकतोय, तुम्ही सोडलेल्या ६१ डॉलरमधले वीसेक डॉलर परत त्याच कंपनीच्या खिशात जातात. शाळेलाच द्यायचे असतील तर क्लेम करा, असंही घरात काहीतरी घेणारच असाल त्याची पावती लावा, चेक आला की मुलाच्या शाळेला पूर्ण ६१ चा चेक द्या. तेवढं करायचा कंटाळा असेल तर तसं म्हणा, त्याला दान म्हणू नका.

फॉर्म कोर्टाने मंजूर केलेलाच वापरा. मागच्या वर्षी विंडोजशी स्पर्धा करणाऱ्या लिंडोज कंपनीच्या मायकेल रॉबर्टसन यांनी ऑनलाइन क्लेम भरून त्याबदल्यात लगेच आपलं सॉफ्टवेअर द्यायची योजना काढली, कल्पना भन्नाट होती, पण मायक्रोसॉफ्टने असे क्लेम चालणार नाहीत म्हणून आक्षेप घेतला. सोळा-वीस डॉलरसाठी त्या दोघांच्या भांडणात आपण कशाला पडा. कागदाचा फॉर्म, पेनाने सही, पोस्टात, बस. आणि पत्ता बदलला असेल तर तसं कळवा, या सिलिकॉन व्हॅलीत लोक दर वर्षी लीज संपली की घर बदलतात आणि व्हाउचर जुन्या अपार्टमेंटच्या पेटीत पडून राहायचं. कोर्टाची अंतिम मंजुरी अजून व्हायची आहे, त्यामुळे व्हाउचर हातात पडायला वेळ लागेल, पण १५ मार्च काही त्यासाठी थांबणार नाही.

संपादक साहेब, बातमीखाली निदान ही तारीख आणि शाळांचा भाग एवढं तरी परत छापा ही विनंती.

आपला,
एक वाचक
सनीवेल, कॅलिफोर्निया
फेब्रुवारी २००४