४६२ टक्के कॅन्सर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला कॅन्सरचा तक्ता पाहिला. ऑस्ट्रेलिया ४६२ टक्के, भारत ९८ टक्के! म्हणजे तिकडे प्रत्येकाला साडेचार वेळा कॅन्सर, आणि आपल्याकडे शंभरातले दोघेच काय ते सुटले. तक्ता कुणी एकदा मोठ्याने वाचला असता तरी चूक कळली असती. हे आकडे २०२२ सालचे, दर लाख लोकसंख्येमागे सापडलेल्या नव्या रुग्णांचे आहेत.

टक्क्याचं एक वेळ सोडा. लेखकमहाशय म्हणतात, तिकडे म्हातारी माणसं जास्त म्हणून आकडा फुगला. चूक. हा दर वयप्रमाणित असतो. पाच-पाच वर्षांच्या प्रत्येक वयोगटाचा दर काढून तो एका ठरावीक, कागदावरच्या लाखभर वस्तीला लावतात. त्या वस्तीत पाच वर्षांखालची मुलं १२ हजार आणि पंच्याऐंशीच्या पुढचे अवघे ५००. म्हाताऱ्यांचा हिशेब तिथेच मिटतो. उरतो तो फरक गोऱ्या कातडीवर पडणाऱ्या कडक उन्हाचा, प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा, पन्नाशीनंतर दर दोन वर्षांनी होणाऱ्या मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीचा. शोधलं की सापडतं. दक्षिण कोरियात सोनोग्राफीचं पेव फुटलं आणि १९९३ ते २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचा दर पंधरापट झाला. मृत्यू होते तेवढेच राहिले.

आणि आपले ९८ ही म्हणे भाकरी-ठेच्याची पुण्याई! मग राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीत (२०१२-१६) पुरुषांचा दर मिझोरामच्या ऐझॉलला २६९ आणि धाराशिव-बीडला साडेएकोणचाळीस कसा? ऐझॉलला तंबाखूचा धूर मुरवलेलं पाणीसुद्धा तोंडात धरतात, हे खरं. पण कमी आकड्यात न मोजलेलेही असतात. बार्शीच्या ग्रामीण नोंदणीचे कर्मचारी १९८७ पासून गावोगाव फिरतात ते उगाच नाही. गगनबावड्याच्या माणसाचा तुकडा कोल्हापुरात तपासला, उपचार मुंबईत. केसपेपरवर पत्ता पडतो लालबागच्या भाच्याचा. नियमाने वर्षभर जिथे राहिला तो पत्ता धरायचा. कुणी विचारलंच नाही, तर माणूस मुंबईच्या खात्यात. गावी वारला तर दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’. हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं!

त्याच २०२२ मध्ये भारतात नवे रुग्ण १४ लाख आणि मृत्यू ९ लाखांवर. तुमच्या तक्त्यात मृत्यूचा रकानाच नाही. तो असता तर ‘आपण सुरक्षित’ हे शीर्षक देताना हात अडखळला असता. दुरुस्ती त्याच जागी, त्याच आकारात छापावी ही विनंती. आतल्या पानावर जाहीर नोटिसांच्या गर्दीत नको.

जाता जाता आणखी एक. भारतीय पुरुषांत तोंडाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. त्यावर लेखात अर्धी ओळ, मशेरीचं तर नावही नाही. आणि लेखाच्या खाली अर्धं पान इलायचीची जाहिरात! ही इलायची कोणत्या पुडीची सख्खी बहीण, हे पानपट्टीवरचं पोरगंही सांगेल. तिथे टक्के मात्र अगदी बिनचूक छापलेत : ‘१०० टक्के तंबाखूमुक्त’.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर