छोट्या शीडबोटींवरचे बावटे: मत्स्यव्यवसाय व बंदरे मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, मत्स्यव्यवसाय व बंदरे,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: लहान बोटींवरचे खुणेचे बावटे आणि ते ओळखण्याचे शिक्षण

माननीय मंत्रीमहोदय,
सविनय नमस्कार.

कोकणात "तीन नंबरचा बावटा लागला" एवढे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. होड्या खाडीत शिरतात, जाळी आत घेतली जातात, घरातली माणसे किनाऱ्याकडे बघत बसतात. बंदरावर लागणाऱ्या वादळी हवेच्या 11 इशाऱ्यांपैकी तिसऱ्याचा अर्थ मच्छीमाराच्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतो. हवामान खात्याचा निरोप हल्ली मोबाइलवर आधी येतो, तरी तोंडात शब्द बावट्याचाच. ज्या किनाऱ्याला बावट्याची भाषा इतकी अंगवळणी पडली आहे, तिथे बोटीवरचे बावटे मात्र कोणालाच वाचता येत नाहीत. त्याबद्दल हे पत्र आहे.

माझी 16 फुटी शीडबोट आहे, बिनइंजिनाची. डिसेंबर ते मार्च मी ती मालवणच्या आसपास चालवतो. "आता बावटे कोणाला हवेत? वायरलेस आहे, जीपीएस आहे, फोन आहे," असे शीडबोटवालेच एकमेकांना म्हणतात. काही वर्षांपूर्वी मीही म्हणत होतो.

जानेवारीतली सकाळ होती, बोटीत बारा वर्षांचा भाचा. मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा सकाळचा वारा, दहाच्या सुमारास पडली आणि समुद्रावरून येणारा खारा वारा अजून सुटायचा होता. शीड लोंबले. ओहोटी आम्हाला किल्ल्याभोवतीच्या खडकांकडे नेऊ लागली. वल्हे एकच, आणि पाण्याची ओढ त्याला दाद देईना. फोन भिजून बंद पडलेला. पर्यटकांनी भरलेली एक बोट जवळून गेली, तेव्हा मी उभा राहून दोन्ही हात पसरले आणि सावकाश खाली-वर करू लागलो. समुद्रावरच्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांत ही संकटाची अधिकृत खूण आहे. बोटीतल्या सगळ्यांनी आनंदाने आम्हाला हात हलवले. चालकानेही. भाच्याने विचारले, "मामा, ते थांबत का नाहीत?"

शेवटी मी शर्ट काढून वल्ह्याच्या टोकाला बांधला आणि वल्हे उंच धरले. बऱ्याच वेळाने एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, आपली होडी वळवून आले. दोर टाकताना एवढेच म्हणाले, "वल्ह्यार कापड बघलंय, तेव्हाच समाजलंय." पर्यटकांच्या बोटीचा चालक वाईट माणूस नव्हता. त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

मंत्रीमहोदय, बावट्यांच्या मर्यादा मला ठाऊक आहेत. आंतरराष्ट्रीय संकेतसंहितेत 26 अक्षरांचे, 10 अंकांचे, 3 बदली (तेच अक्षर वा अंक पुन्हा दाखवायला) आणि 1 उत्तराचा असे एकूण 40 बावटे असतात. 1857 साली ब्रिटनमध्ये या संहितेची पहिली आवृत्ती निघाली आणि सध्याची 1969 पासून अमलात आहे. मोठ्या जहाजाच्या उंच डोलकाठीसाठी ती उत्तम. माझ्या बोटीवर हातभर कापड लावले तर काही शे मीटरपलीकडे कोणाला ते दिसणार? वारा पडला की बावटा काठीला चिकटतो. वारा नेमका बघणाऱ्याच्या दिशेने असेल तर त्याला नुसती कड दिसते. संध्याकाळी लाल आणि निळा दोन्ही काळेच. चाळीस बावट्यांची पिशवी छोट्या बोटीत ठेवा असा आग्रह कोणी धरला, तर मीच विरोध करीन.

पण चार-पाच बावटे असे आहेत, की त्यांची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही. वायरलेसचा निरोप ज्याच्याकडे वायरलेस आहे आणि जो ऐकतो आहे त्यालाच मिळतो. बावटा मात्र जो माझ्याकडे बघतो आहे त्याच्याशी बोलतो, आणि लहान बोटीला धडक देणारा किंवा वाचवणारा बहुधा तोच असतो. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते मच्छीमार नौकांवर ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहामार्फत निरोप देणारी-घेणारी यंत्रे, बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. देशभरात 1 लाख संच बसणार आहेत. फार मोलाचे काम आहे. पण ती योजना यांत्रिक आणि मोटर बसवलेल्या मासेमारी नौकांसाठी आहे. शिडावरच्या, वल्ह्यावरच्या, मुलांना शिकवायच्या बोटी तिच्यात येत नाहीत. त्यांच्या हाती डोळ्यांना दिसणारी खूणच उरते.

आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात निकडीचा आहे तो 'ए' बावटा. काठीकडे पांढरा, बाहेरच्या बाजूला निळा, टोकाला खाच असलेला. अर्थ असा: माझा पाणबुड्या पाण्याखाली आहे, दूर राहा आणि वेग कमी ठेवा. मालवण-तारकर्लीत स्कूबासाठी केवढी गर्दी असते ते आपण जाणताच. त्याच पाण्यात प्रवासी बोटी, पॅरासेलिंगच्या वेगवान बोटी, मासेमारीच्या होड्या आणि आम्ही. एकदा संथ वाऱ्यात मी बोट फिरवली आणि नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, आठ-दहा फुटांवर एक डोके वर आले. स्कूबाची बोट दूर नव्हती, पण तिच्यावर कोणतीही खूण नव्हती. माझ्या बोटीला पंखा नाही म्हणून त्या मुलाला काही झाले नाही. इंजिनाची बोट असती तर काय झाले असते, ते लिहायला हात धजत नाही.

पुढे एका स्कूबा बोटीवर 'ए' लावलेला पाहिला तेव्हा फार बरे वाटले. धक्क्यावर मी एका प्रवासी बोटीच्या चालकाला विचारले, तो बावटा कसला? "खंयच्या तरी कंपनीचो असतलो," तो म्हणाला. त्यात लाल कापडावर पांढरा तिरका पट्टा असलेला दुसराच झेंडा टी-शर्टांवर आणि फलकांवर सगळीकडे दिसतो, त्याने गोंधळ वाढतो. तोही पाणबुड्याचाच, अमेरिकेतून आलेला, पण संकेतसंहितेत तो नाही. त्याच टक्करप्रतिबंधक नियमांप्रमाणे पाणबुडे उतरवणाऱ्या लहान बोटीने 'ए'ची किमान 1 मीटर उंचीची कडक प्रतिकृती लावायची असते, सगळ्या बाजूंनी दिसेल अशी. कडक अशासाठी, की वारा पडला तरी ती लोंबू नये. प्लायवुड आणि दोन रंगांचे डबे एवढ्यात ती होते.

दुसरी खूण संकटाची. 'एन' आणि त्याखाली 'सी' हे बावटे एकत्र लावले की "मी संकटात आहे, तातडीने मदत हवी." दोन बावटे शोधून चढवायला वेळ नसेल तर नारिंगी कापड, त्यावर काळा चौकोन आणि काळे वर्तुळ. ते हेलिकॉप्टरमधूनही ओळखू येते. माझ्याकडे आता ते कायम असते, घडी केली की जेवणाच्या डब्याएवढे. माणूस पाण्यात पडला तर 'ओ', तिरका विभागलेला लाल-पिवळा. मदत हवी, पण जिवावर बेतलेले नाही, तर 'व्ही', पांढऱ्यावर लाल फुली. वैद्यकीय मदतीसाठी 'डब्ल्यू'.

शीडबोटींच्या शर्यतीत तर आजही सगळा कारभार बावट्यांवर चालतो. सुरुवातीला 5 मिनिटे, 4 मिनिटे, 1 मिनिट असे बावटे चढतात-उतरतात, सोबत भोंगाही वाजतो. पण नियम सांगतो की वेळ बावट्यावरूनच धरायची, भोंगा वाजला नाही तरी चालेल. वाऱ्यात आवाज वाहून जातो, म्हणून. आणि 'वाय' बावटा, पिवळे-लाल तिरके पट्टे, चढला की प्रत्येकाने लाइफजॅकेट घालायचे. दहा-बारा वर्षांची मुले हे आठवड्यात शिकतात, तर रोज समुद्रावर असणाऱ्या माणसांना जड जाऊ नये.

आपल्याकडे मागणे मोठे नाही. स्कूबाच्या प्रत्येक बोटीवर 1 मीटरची 'ए' खूण असल्याखेरीज सागरी मंडळाने तिला परवाना देऊ नये, आणि पाणबुडे वर आले की ती उतरवणेही बंधनकारक असावे. खूण दिवसभर तशीच राहिली तर कोणी तिच्याकडे बघणार नाही. प्रवासी बोटींच्या चालकांना परवाना देताना आणि त्याचे नूतनीकरण करताना या खुणा तोंडी विचाराव्यात, मराठीत, चित्र दाखवून. पसरलेले हात खाली-वर करण्याची खूण त्यात पहिली असावी, कारण तिला कापडही लागत नाही. प्रत्येक धक्क्यावर, तिकीटखिडकीशेजारी, रंगीत फलक लावावा, म्हणजे पर्यटकांनाही कळेल की समोरचा मजेत हात हलवत नाही, मदतीला बोलावतो आहे. आणि शिडाच्या, वल्ह्याच्या बोटींना ते नारिंगी कापड खात्याने नाममात्र किमतीत द्यावे.

शिकवायला माणसे लागली तर आम्ही काही शीडबोटवाले विनामोबदला येऊ. त्या म्हाताऱ्या तांडेलांनाही मी विचारले आहे. पावसाळी बंदीच्या दोन महिन्यांत होड्या किनाऱ्यावर असतात, तेव्हा वर्ग ठेवलात तर ते यायला तयार आहेत.

आपला विश्वासू,
मालवणच्या पाण्यातला एक शीडबोटवाला