आवाहन : मंडळाचे जुने पट आणि चषक गावातच राहावेत म्हणून

सप्रेम नमस्कार.

मंडळाचे आजी-माजी सभासद, खेळाडू, त्यांच्या घरची मंडळी आणि अंबाजोगाईतील समस्त बुद्धिबळप्रेमींना कळविण्यात येते की, आपले मंडळ इतकी वर्षे ज्या माडीवर भरते ती माडी अक्षय्य तृतीयेपर्यंत रिकामी करून द्यायची आहे. वाडा पाडून तिथे गाळे निघणार आहेत. मालकांबद्दल आमची काही तक्रार नाही. त्यांच्या वडिलांनी कधी भाडे घेतले नाही, आणि यांनीही विजेचे बिल मागताना दहा वेळा संकोच केला. खेळायला आपण देवळाच्या ओवरीतही बसू, पूर्वी बसलोही आहोत. पण कपाट कुठे न्यायचे?

त्या सागवानी कपाटात काय आहे हे जुन्यांना सांगायला नको. पण 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीत महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि त्यानंतर पोरांना हाताला धरून आमच्याकडे आणून सोडणारे जे नवे पालक आहेत, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो.

वरच्या फळीवर मोठा पट, म्हणजे मोहऱ्यांसकट. गावाचे नाव मोमिनाबाद होते आणि इथे घोडदळाची छावणी होती, तेव्हा हा साहेबांच्या मेसमध्ये होता असे सांगतात. तिथून तो आपल्या वकीलसाहेबांच्या वडिलांकडे आला आणि मुक्तिसंग्रामानंतर मंडळ निघाले तेव्हा वकीलसाहेबांनी पहिल्याच बैठकीत तो आणून टेबलावर ठेवला. आज जगभर स्पर्धांत ज्या घडणीचे मोहरे चालतात, ती घडण लंडनमध्ये 1849 साली नोंदवली गेली. जेक्स नावाच्या कारखान्याने ते मोहरे काढले आणि त्या काळचा नामांकित खेळाडू स्टाँटन याचे नाव त्यांना चिकटले. आपल्या पांढऱ्या राजाच्या बुडाच्या कडेवर त्याच कारखान्याचा शिक्का आहे, भिंग धरले की वाचता येतो. राजाच्या अंगाच्या हत्तीवर आणि घोड्यावर बारीकसा मुकुट उमटवलेला आहे. पांढरे मोहरे बॉक्सवुडचे, काळे आबनुसाचे, बुडात वजनासाठी शिसे भरलेले. उचलला की मोहरा हातात भरतो.

काळ्यांतला एक घोडा मात्र मूळचा नाही. तो कधी हरवला ते माहीत नाही, पण त्याच्या जागी आपल्या सुतारमामांनी शिसवीचा नवा करून दिला. मजुरी विचारली तर एक डाव खेळू द्या म्हणाले. घोडा घडवताना डोळ्यांपुढे घरचा बैल असावा, कारण मान तशीच आखूड आणि वशिंडाचा उंचवटासुद्धा आहे. पोरे त्याला ‘बैल’च म्हणतात. ‘बैल अडीच घरं’ ही आपल्याकडची थट्टा त्यावरूनच निघाली. मध्यंतरी पुण्याहून जुन्या वस्तूंचे एक व्यापारी आले होते. या घोड्यामुळे पटाची किंमत निम्म्याने पडते, असे ते म्हणाले. आम्ही त्यांना चहा पाजून परत पाठवले. आम्हाला विचाराल तर त्या बत्तिसांत सर्वांत आपला मोहरा तोच आहे.

दुसरा पट पांढरा-तांबडा, देशी घडणीचा. यात उंट, घोडा ओळखायलाही आधी शिकावे लागते, सगळेच मनोऱ्यासारखे. म्हातारी मंडळी यावर जुन्या रीतीने खेळत: प्यादे एकच घर चाले, राजाला एकदा घोड्याची उडी मारता येई आणि प्याद्याने मात केली तर माडी दणाणून जाई. हा पट हस्तिदंती आहे, लाखोंचा आहे, मग मंडळ वर्गणी कशाला मागते, अशी कुजबुज गावात बरीच वर्षे आहे. तेव्हा एकदाचे लिहूनच टाकतो. आपल्या पशुवैद्यक सभासदांनी भिंगाखाली तपासले. हस्तिदंताच्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. इथे काळसर ठिपके आणि चिरा आहेत, म्हणजे हाड. बहुधा उंटाचे. आणि समजा हस्तिदंत असताच, तरी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो विकण्याचा विचारही करता आला नसता. मोठ्या पटाचेही तेच. एका सभासदाच्या अमेरिकेतल्या भाच्याने तो विकत मागितला होता, पण शंभर वर्षांवरची कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही, हा कायदाही 1972 चाच.

खाली चषक. यातले बहुतेक जर्मन सिल्व्हरचे, ज्यात तांबे, निकेल, जस्त असते आणि चांदी औषधालाही नसते. ‘वितळवून टाका, चार पैसे येतील’ असे सर्वसाधारण सभेत म्हणणाऱ्यांनी सराफाकडे जाऊन यावे, म्हणजे उत्साह आपोआप निवळेल. काकूंनी यजमानांच्या स्मरणार्थ दिलेली बिदरी सुरई मात्र खरी देखणी. काळ्याभोर धातूवर चांदीच्या तारेची वेल. आणि मोठा फिरता चषक, निवृत्त तहसीलदारसाहेबांनी त्यांच्या मुलाच्या नावे दिलेला. त्याच्या चौथऱ्यावरच्या पट्ट्यांवर साल आणि विजेत्याचे नाव कोरलेले आहे. 1993 ची पट्टी कोरी आहे. त्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला आणि स्पर्धेची सगळी वर्गणी तिकडे गेली. कोरी पट्टी तशीच ठेवायची, हा ठराव त्यानंतर झाला. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते त्या उन्हाळ्यातही स्पर्धा झाली, खेळाडू आपापल्या बाटल्या घेऊन आले, आणि त्या सालची पट्टी भरलेली आहे.

कपाटाला लाकूड वखारवाल्या शेटजींनी दिले, पैसे घेतले नाहीत. मोहऱ्यांच्या बुडाला हिरवे कापड आपल्या टेलरभाईंनी दोनदा बदलून लावले, तेही रात्री दुकान बंद झाल्यावर. पोस्टमास्तरांनी दोघा खेळाडूंची वेळ मोजणारे चावीचे जोडघड्याळ दिले, ते अजून चालते. मेडिकलच्या वसतिगृहातली मुले परीक्षेच्या आदल्या रात्री येऊन खेळत आणि नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून मनीऑर्डर करत. यांची नावे तुम्हा सर्वांना ठाऊक आहेत. त्यातल्या दोघांनी ‘नाव छापलंत तर याद राखा’ असे बजावले होते, म्हणून एकाचेही छापत नाही.

आता दुखते ते. सप्टेंबर 2025 च्या पावसाने मराठवाड्याची काय दैना केली ते वेगळे सांगायला नको. लोकांची पिके आणि माती गेली, त्यापुढे आमचे दुःख काहीच नाही. पण माडीही गळली. कपाटाची मागची फळी फुगली, वाळवी लागली, मोठ्या पटाची पेटी उकलली. ओलीने बुडातले शिसे पांढरे पडून फुगते आणि लाकूड आतून फोडते. पांढऱ्या वजिराला तशी चीर गेली आहे. तेव्हा आम्ही गटावर फोटो टाकून मदत मागितली होती. अंगठे भरपूर आले, हात जोडलेली चित्रे आली. पैसे तिघांनी दिले, त्यातली एक आठवीतली मुलगी. एक सद्गृहस्थ रस्त्यात भेटून म्हणाले, ‘काय करायलाव हो त्या लाकडाचं आता? पोरं मोबाईलवर खेळायलीत.’ खेळू देत, आम्हीही खेळतो. ज्या गावाने संतकवी दासोपंतांची पासोडी, त्यांनी लिहिलेले एक कापड, चारशे वर्षे सांभाळले, त्या गावाला बत्तीस मोहरे जड होऊ नयेत एवढेच वाटते.

विकायचे नाही, हे कार्यकारिणीने एकमताने ठरवले आहे. कुणाच्या घरी ठेवायचेही नाही. घरी ठेवलेल्या चषकांचे काय होते ते आपण पाहिले आहे: फिरते म्हणून दिलेले तीन चषक फिरून आलेच नाहीत. एक वारसांच्या वाटणीत गेला, एकात मनीप्लांट आहे असे ऐकतो. ज्यांच्याकडे असतील त्यांनी आणून द्यावेत, कुणी काही विचारणार नाही. रात्री माडीच्या जिन्यात ठेवून गेलात तरी चालेल. एका शाळेने ग्रंथालयातली एक भिंत देऊ केली आहे. तिथे काचेचे दार आणि कुलूप असलेले लोखंडी कपाट, मोहऱ्यांची डागडुजी, नवी पेटी, हलवाहलव आणि नावांची पाटी, असा एकूण अंदाज 85,000 रुपये. जमा 22,500. वर्षातून एकदा, अंतिम फेरीला, मोठा पट काढून त्यावरच डाव होईल, ही अट शाळेने मान्य केली आहे.

देणगी रोख, धनादेश किंवा ऑनलाइन. खातेक्रमांक गटावर आणि माडीखालच्या फलकावर आहे. पावती घ्यावीच. आयकर सवलत नाही, आधीच सांगतो. श्रमदानाला सुतारकाम येणारे दोघे आणि टेम्पो हवा. रविवारी सकाळी 10 ते 12 माडीवर कुणीतरी असते. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या रविवारी सामान हलवू.

आपला,
चिटणीस
(कार्यकारिणीच्या वतीने)

ता.क. 1) बिदरी सुरई कुणीही कौतुकाने चिंच-मीठ लावून घासू नये. काळा रंग निघून जातो. एकदा निघालेला आहे.
2) प्लॅस्टिकचे पट मंडळाकडे पुष्कळ आहेत, ते कृपया देऊ नयेत.